न वाजलेला ठोसा

त्याला ऑफिसात सगळे धप्पा म्हणत. वय त्रेपन्न, अंगाने काटकुळा, नाकावर चष्मा, जन्मात कुणावर हात उगारलेला नाही. रस्त्यात दोघं भांडताना दिसली तर हा पलीकडच्या फुटपाथवर जाणारा. आणि पोटापाण्याचा उद्योग काय, तर ठोसे. व्हिडिओ गेममध्ये एकाने दुसऱ्याच्या जबड्यात ठेवून दिली की जो आवाज होतो, तो धप्पाने केलेला असे.

खऱ्या मारामारीत तसा आवाज होत नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवी. खरी बुक्की म्हणजे नुसतं ‘पुक्’. ते ऐकून कुणाला मारल्याचं समाधान मिळणार? म्हणून मग जबड्यासाठी कोबीचा गड्डा, पोटासाठी ओल्या टॉवेलात गुंडाळलेली तांदळाची पिशवी, बरगडी मोडायची तर गाजरांची जुडी, आणि पाठीत लाथ बसायची असेल तर चामड्याची जुनी बॅग. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली टायरचं दुकान. तिथे दिवसभर हातोडे आणि हवेचा पंप. त्यामुळे धप्पाचं रेकॉर्डिंग टायरवाले जेवायला जात तेव्हाच, एक ते अडीच. त्या दीड तासात तो भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या खोलीत जाई, दार लावी आणि भाजीपाल्यावर तुटून पडे. स्वतः तीन वाजता जेवे. संध्याकाळी मार खाल्लेला कोबी पिशवीतून घरी येई. लग्न झाल्यापासून आपल्या घरात एकही धड कोबी शिरलेला नाही, असं त्याची बायको येईल त्याला सांगत असे.

असा हा माणूस. कामात चोख, चार लोकांत मिळून मिसळून वागणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एक काटा त्याच्या आत खोल रुतलेला होता, आणि तो काटा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकटा चित्रं काढी. दोघांत नऊ वर्षांचं अंतर. धाकटा चार वर्षांचा असताना त्याने भिंतीवर कोळशाने शेजारची म्हातारी काढली. ती इतकी हुबेहूब होती की म्हातारी तणतणत भांडायला आली आणि हसत परत गेली. आईने पुढे सहा वर्षं त्या भिंतीला रंगाचा हात लावू दिला नाही. धप्पा तेव्हा तेराचा. तोंडाने मोटारसायकलचा, कुत्र्यांच्या भांडणाचा, नळाला पाणी आल्याचा आवाज तो इतका बेमालूम काढी की शेजारणी बादल्या घेऊन बाहेर येत. पण बादली रिकामी राहिली की शिव्याच मिळत. पाहुणे आले की आई त्यांना भिंत दाखवी आणि धप्पाला चहाचे कप आणायला पाठवी. कप आणताना त्याच्या मनात काय चाललेलं असे, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

धाकट्याला कंपनीत चिकटवला तो धप्पानेच. ही गोष्ट धप्पा विसरला नव्हता आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नसे. आठ वर्षांपूर्वी धाकट्याचं दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम बसलं, तेव्हा आई म्हणाली, बाळाचं बघ काहीतरी. बाळ तेव्हा छत्तीस वर्षांचं होतं. धप्पाने कंपनीच्या मालकिणीकडे शब्द टाकला. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बाईंनी धाकट्याची वही चाळायला घेतली आणि तिसऱ्या पानावर त्यांचा चेहरा जो काही उजळला, तो धप्पाने समोर बसून पाहिला. पंधरा वर्षं तो त्यांच्यासाठी कोबी फोडत होता, पण त्याच्यापायी बाईंचा चेहरा असा कधी झाला नव्हता. त्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

बरं, धाकटा वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. हा दादा दादा करत मागे फिरणारा. डबा उघडायचा तो आधी दादाच्या पुढ्यात. दादाकडून काही चुकलं तर स्वतःच्या अंगावर घेणार. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे फारच गैरसोयीचं काम. चारचौघांत बोलता येत नाही, आणि एकट्याने आवरता येत नाही.

त्या वर्षी कंपनीने ‘बारा गल्ल्या’ नावाचा गेम करायला घेतला. जुन्या धाटणीची मारामारी: डावीकडून उजवीकडे चालत जायचं आणि आडवा येईल त्याला बडवायचं. शहरात बारा टोळ्या, प्रत्येकीची एकेक गल्ली. आपल्याच टोळीने हाकललेल्या एका तरुणाला दिवस मावळायच्या आत या बाराही गल्ल्या पार करून घरी पोचायचंय, एवढीच गोष्ट. धाकट्याने बारा टोळ्या काढल्या. बर्फ ओढणाऱ्यांच्या अंगात रबरी एप्रन, शिंप्यांच्या गळ्यात टेप, बंद पडलेल्या थिएटरातल्या दरवानांच्या हातात बॅटऱ्या. धप्पाने प्रत्येक टोळीला वेगळा मार दिला. बर्फवाल्यांचा ठोसा ओला वाजे, शिंप्यांचा कापडी, आणि बॅटरीवाल्यांच्या ठोशाआधी बटण दाबल्याचा बारीकसा ‘टक्’ येई. असे एकूण चारशे बारा आवाज. ही मेहनत जगाच्या लक्षात येईल असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याच्या कामाची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. गेम तयार होत असताना एखादा आवाज जागेवर नसला की गेम मध्येच बंद पडतो. म्हणून धप्पा सुरुवातीलाच चारशे बारा रिकामे आवाज देऊन ठेवी. नंबर बरोबर, आत नुसती शांतता. मग जसजसा खरा आवाज तयार होईल तसतसा रिकामा काढून भरलेला ठेवायचा, आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या नंबरापुढे हिरवी खूण करायची. हिरवी खूण दिसली की आवाज आला असं सगळं ऑफिस धरून चाले. धप्पाची खूण कधी खोटी निघाली नव्हती, त्यामुळे ती कुणी तपासूनही बघत नसे.

चारशे बारावा आवाज शेवटच्या ठोशाचा होता. तरुण बारावी गल्ली ओलांडून आपल्या टोळीच्या म्होरक्यापुढे उभा राहतो. या म्होरक्याने त्याला लहानाचा मोठा केलेला. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये दोघं समोरासमोर. धाकट्याने या ठिकाणी जे चित्र काढलं ते धप्पाने पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारा म्होरक्या मार चुकवत नाही. तो शांतपणे चष्मा काढतो, घडी घालतो, कोटाच्या छातीवरच्या खिशात ठेवतो आणि उभा राहतो. बस. तरुणाची मूठ येते ती त्याच छातीवर. हे याला सुचलं कसं, असं धप्पाला वाटलं, आणि पाठोपाठ, हे मला का सुचलं नाही. तो आवाजवाला होता, चित्र सुचायचं त्याला कारणच नव्हतं. पण असूया असला हिशेब कधी करते?

मग तो ईर्ष्येला पेटला. सलग नऊ दिवस, एक ते अडीच. कोबी, पिशवी, गाजरं सगळं बाजूला सारलं. घरून वडिलांचा जुना लोकरी कोट आणला, आत उशी कोंबली, दोरीवर टांगला, आणि छातीवरच्या खिशात स्वतःचा जुना चष्मा घडी घालून ठेवला. उघड्या मुठीने मारलं. मूठ सोलवटली. पहिला चष्मा नीट फुटलाच नाही, दुसरा फार मोठ्याने फुटला. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून त्याने टाकाऊ चष्म्यांचं पुडकं आणलं. नवव्या दिवशी जमलं. आधी कोटाचा जड, बोथट आवाज आणि त्याच्या पोटातून, जेमतेम कानावर पडेल न पडेल अशी, काच तडकल्याची बारीक ‘टिच्’. चित्रात चष्मा खिशात जाताना दिसत होता. तो फुटतो, हे फक्त आवाज सांगत होता. धप्पाने तो आवाज अकरा वेळा ऐकला. आयुष्यात यापेक्षा चांगलं काही आपल्या हातून झालेलं नाही आणि होणार नाही, हे त्याला त्या गाद्यांच्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. डोळे भरून आले. हेडफोन हातात घेऊन तो कुणालातरी ऐकवायला बाहेर धावला.

बाहेर सगळे भिंतीपाशी गोळा झाले होते. गच्चीवरचं चित्र मोठं छापून आलं होतं आणि बाई स्वतः खुर्चीवर चढून ते लावत होत्या. धप्पाला पाहून त्या वरूनच म्हणाल्या, “अहो, ते शेवटच्या ठोशाचं फार मनावर घेऊ नका आता. असं चित्र असल्यावर आवाज काहीही चालेल.”

सगळे हसले. धाकटाही हसला, मान खाली घालून, लाजत. ते लाजणं धप्पाला जास्त झोंबलं.

तो परत आत गेला. चष्म्याचा आवाज त्याने स्वतःच्या डिस्कवर घातला आणि डिस्क टेबलाच्या खणात टाकली. गेममध्ये रिकामा होता तोच राहू दिला. मग बाहेर येऊन तक्त्यावर चारशे बारापुढे ठसठशीत हिरवी खूण केली. काहीही चालेल ना, मग घ्या काहीही. त्याचा बेत साधा होता. दोन दिवसांत कुणीतरी धावत येईल, शेवटी आवाजच नाही म्हणेल, चित्र मुकं वाटतंय म्हणेल, मग आपण जरा भाव खायचा आणि उपकार केल्यासारखा खण उघडायचा. दोन दिवस झाले, आठवडा झाला. कुणी आलं नाही. आपणहून सांगावं तर खोटी खूण का केली ते सांगावं लागणार. मूग गिळून बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि गेम तसाच बाहेर पडला.

परीक्षणांचा दिवस शुक्रवारचा होता. लिहिणाऱ्यांना गेम दहा दिवस आधी दिलेला असतो, पण ठरलेल्या वेळेआधी एक अक्षर छापायचं नाही अशी अट असते. दहा वाजता अट संपली आणि धबधबा सुरू झाला. बाई मोठ्याने वाचत होत्या. दहापैकी नऊ. दहापैकी साडेआठ. पुन्हा नऊ. कुणी लिहिलं होतं की बारा टोळ्यांचे बारा पेहराव म्हणजे बारा कादंबऱ्या आहेत. कुणी धाकट्याच्या रेषेवर चार परिच्छेद खर्च केले होते. एकाला बर्फवाल्यांचे एप्रन इतके आवडले की त्याने तसा एक विकत घ्यायचं ठरवलं होतं. दर परीक्षणानंतर टाळ्या पडत आणि धाकटा दादाकडे बघे. धप्पा टाळ्या वाजवी. टाळीचा आवाज पोकळ कधी येतो हे त्याला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो नीट, भरीव टाळ्या वाजवत होता.

दुपारी त्याने जागेवर बसून तेवीसच्या तेवीस परीक्षणं पुन्हा वाचली. आवाजाबद्दल काय आहे तेवढंच शोधत. सतरांमध्ये काहीच नव्हतं. तिघांनी ‘आवाज ठीक’ असं म्हटलं होतं. एकाने बॅटरीवाल्यांचा ‘टक्’ ऐकून आपल्या हातातला कंट्रोलर बिघडला असं समजून तो बदलून आणला होता, आणि त्याबद्दल अर्धा गुण कापला होता. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आपण आपली आवडती गाणी लावून खेळलो आणि काही अडलं नाही. शेवटच्याने संगीताला नावं ठेवली होती, आणि संगीत तर धप्पाचं नव्हतंच.

घरी गेला तर आई संध्याकाळचं वर्तमानपत्र घेऊन बसलेली. तिला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाळाचा फोटो कळत होता. तिने शेजारपाजारच्या चार घरांतून त्याच वर्तमानपत्राच्या प्रती मागून आणल्या होत्या आणि कात्रीने फोटो कापत होती. तिने धप्पाला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुझ्यामुळे लागलं हो बाळ मार्गाला.” ती प्रेमाने म्हणाली. धप्पाला वाटलं, यापेक्षा आपल्या तोंडावर दार आपटलं असतं तरी चाललं असतं.

आता एकच आशा उरली होती, मास्तर. मास्तर म्हणजे एका मासिकात गेमवर लिहिणारे निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. ते सगळ्यांच्या नंतर लिहीत आणि सगळे त्यांची वाट बघत. त्यांची रीत अशी की प्रत्येक गेम दोनदा खेळायचा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून. त्यांच्या लेखात आवाजाचा एक परिच्छेद ठरलेला असे. धप्पा तेवीस वर्षं त्या परिच्छेदात आपला उल्लेख शोधत आला होता. दोनदा ‘समाधानकारक’ मिळालं होतं. ती दोन्ही पानं त्याने जपून ठेवली होती, हे बायकोलासुद्धा माहीत नव्हतं.

मासिक पुढच्या गुरुवारी आलं. बाईंनी ते सगळ्यांना जमवून वाचलं. धाकट्याचं कौतुक आलं, त्याला आता धप्पा सरावला होता. मग आवाजाचा परिच्छेद आला. मास्तरांनी लिहिलं होतं: “बाकीचे चारशे आवाज आपापलं काम करतात. पण शेवटचा ठोसा मी आवाज बंद करून पाहिला आणि चालू ठेवून पाहिला, आणि हा एकच प्रसंग दोन्ही वेळा सारखा होता. ज्या गेममध्ये सतत बडवाबडवी ऐकू येते, तिथे बापाच्या जागी असलेल्या माणसावरची मूठ ऐकूच येत नाही. मला कंट्रोलर खाली ठेवावा लागला. चित्रकाराने इथे आवाजवाल्याला गप्प बसवलं असणार. त्याचे आभार.”

नऊ दिवस सोलवटलेल्या मुठीने जे घडवलं ते खणात पडलेलं, आणि ज्यात धप्पाने काहीच केलं नव्हतं, नुसती खुन्नस काढली होती, त्याला मास्तरांनी डोक्यावर घेतलेलं. आणि त्याचंही श्रेय पुन्हा धाकट्यालाच.

बाईंनी मासिक मिटलं. त्यांचा चेहरा जरा गोंधळलेला होता. त्यांनी सांगितलं की खेळणाऱ्यांच्या शंभरेक तक्रारी आल्यात, शेवटी आवाज येत नाही म्हणून. सोमवारी गेमची दुरुस्त आवृत्ती बाहेर पडणार आहे. तेव्हा चारशे बाराचं एकदाचं काय ते ठरवायला हवं. मग त्या धप्पाकडे वळल्या. “खूण तर तुमची हिरवी आहे. ही शांतता तुम्ही मुद्दाम ठेवलीत, की राहून गेली?”

धप्पाने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी धाकटा बोलला.

“मुद्दाम ठेवलीय. दादाचंच डोकं ते. मला त्याने आधी सांगितलं होतं.”

टाळ्या पडल्या. या वेळी धप्पासाठी. बाई म्हणाल्या की मग मास्तरांना आजच कळवते, पुढच्या अंकात ते दुरुस्ती छापतील, नावासकट. गेम खेळून चुका शोधणारी, टेस्टरचं काम करणारी मुलगी येऊन त्याचा हात हातात घेऊन गेली. धप्पा तिथेच उभा होता. धाकटा चक्क खोटं बोलला होता. धप्पाने त्याला आधी काही म्हणजे काहीही सांगितलेलं नव्हतं.

त्याचा रविवार फार वाईट गेला. आयुष्यभर हवं होतं ते मास्तरांच्या मासिकात, नावासकट, छापून येणार होतं. गप्प बसलं की झालं. पण मग खणातला आवाज कायमचा खणातच. तो ऐकवायचा तर सोमवारच्या आत ऐकवायला हवा, आणि सांगायला हवं की मी जळून ही खोटी खूण केली होती. आईच्या भिंतीपासून सगळं आलं त्यात. बायकोने विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, पित्त झालंय.

सोमवारी एक वाजता टायरवाले जेवायला गेले. धप्पा गाद्यांच्या खोलीत शिरला आणि पाठोपाठ धाकटा आत आला. आजवर तो या खोलीत कधी न विचारता आला नव्हता. त्याने दार लावलं आणि गादीला पाठ टेकून उभा राहिला.

धप्पाने विचारलं, “खोटं का बोललास?”

खाली बघत धाकट्याने सगळं सांगितलं. टेस्टर मुलगी गेम बाहेर पडायच्या तीन आठवडे आधीच त्याच्याकडे आली होती, शेवटी आवाज नाही म्हणून. हे दादाला सांगायचं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने तिला सांगितलं की मुद्दाम आहे, असंच राहू दे, दादाला विचारत बसू नकोस.

“का पण?”

“तू आवाज दिला असतास की संपलं असतं, दादा. रिव्ह्यूवाल्यांचं सोड, ते काय लिहितात त्यांना तरी कळतं का. मी खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहून बघतो. बर्फवाल्यांची गल्ली आली की सगळे मुद्दाम तिथे थांबतात, पुन्हा पुन्हा बडवतात, तुझा तो ओला ठोसा ऐकायला. माझ्या एप्रनकडे कुणी ढुंकून बघत नाही. शिंप्यांचंही तेच. म्हटलं, हे एक चित्र तरी माझं एकट्याचं राहू दे.”

धप्पा त्याच्याकडे बघतच राहिला. समोर उभा असलेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस त्याला अनोळखी वाटला, आणि त्याच वेळी इतका ओळखीचा वाटला की हसू यायला लागलं. ते त्याने दाबलं.

धाकट्याने मान वर केली. “केला होतास का रे आवाज?”

“केला होता.”

“ऐकव.”

धप्पाने खण उघडला. हेडफोन भावाच्या कानांवर नीट बसवले, तो लहान असताना कानटोपी घालत असे तसे, आणि बटण दाबलं. स्वतः तो ऐकत नव्हता, नुसता भावाचा चेहरा बघत होता. जड, बोथट ठोशाला धाकट्याच्या पापण्या लवल्या. आणि पाठोपाठ, काच तडकली असेल त्या क्षणाला, त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. त्याने बोटाने पुन्हा लावायची खूण केली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून त्याने हेडफोन काढले आणि हातात तसेच धरून ठेवले.

“चष्मा,” तो म्हणाला. मग, “मीच ठेवला होता खिशात. मला नाही सुचलं.”

धप्पाने हेडफोन परत घ्यायला हात पुढे केला.

“दादा, हे आत घालू नकोस.” धाकट्याचा आवाज चिरकला. “मास्तरांनी शांतता म्हटलंय, शांतताच असू दे. तुझंही नाव होतंय त्यात. घालू नकोस ना.”

तो अक्षरशः गयावया करत होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले, नजर हेडफोनवर खिळलेली, आणि नाकपुड्या किंचित फुललेल्या. हा चेहरा धप्पाच्या चांगला परिचयाचा होता. गेली आठ वर्षं रोज सकाळी दाढी करताना तो आरशात हाच चेहरा बघत आला होता. इतकी वर्षं परीक्षणांमध्ये, मासिकांत, बाईंच्या डोळ्यांत तो जे शोधत हिंडला, ते गाद्यांच्या खोलीत त्याच्यासमोर उभं होतं. त्या कोटावर नऊ दिवस मुठी आपटल्या त्या कुणासाठी, हेही त्याला आत्ताच कळलं. त्या मुठींचा जगाशी काडीचा संबंध नव्हता.

अडीच वाजता टायरवाले परतले. खाली हातोडे सुरू झाले. धप्पा बाईंच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, “चारशे बारा राहून गेला होता. खूण मी चुकीची केली. मास्तरांना तसंच कळवा. पण आता आहे तसाच राहू द्या.” बाईंनी दोनदा विचारलं, नक्की का, म्हणजे नाव छापून यायचं तेही जाईल. तो म्हणाला, जाऊ दे. बाई थोड्या रागावल्या, मग त्यांनी तक्त्यावरची हिरवी खूण पुसायला लावली. ती त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली.

दोन आठवड्यांनी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. भावजी, यांना काय झालंय तेच कळत नाही, म्हणाली. जेवणात लक्ष नाही. तोच गच्चीवरचा म्हातारा पुन्हा पुन्हा काढतात, खिशावर हात ठेवलेला, खिसा फाटलेला, कोट काढलेला, आणि फाडून टाकतात. काल वहीच फेकली. ऑफिसात काही बिनसलंय का, तुम्ही तरी विचारा, तुमचं ऐकतील.

विचारतो म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून कितीतरी जास्त त्याला बरं वाटलं, इतकं बरं की तो खुर्चीत बसून एकटाच हसला. आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपला धाकटा भाऊ अगदी पोटातून, मनापासून आवडला.